इलेक्ट्रॉनचे परिवलन आणि पुंजसंगणक : पुंजबिंदूंतील क्युबिटचे तत्त्व, प्रगती व मर्यादा

सारांश :
इलेक्ट्रॉनचे परिवलन, म्हणजेच स्पिन, ही निसर्गतःच द्विस्तरीय असलेली राशी आहे. त्यामुळे पुंजसंगणकातील माहितीचे मूलभूत एकक, म्हणजे क्युबिट, म्हणून तिचा उपयोग करता येईल, असा प्रस्ताव १९९८ मध्ये मांडण्यात आला. परिवलन परिसरापासून बरेचसे अलिप्त असते, म्हणून ते माहिती टिकवून धरते. परंतु याच अलिप्ततेमुळे त्याचे नियंत्रण व वाचन करणे कठीण होते. प्रस्तुत लेखात या अंतर्विरोधाच्या आधारे पुंजबिंदूंतील परिवलन-क्युबिटचे तत्त्व, गॅलियम आर्सेनाइडकडून सिलिकॉनकडे झालेले संक्रमण, आजवर साध्य झालेली अचूकता आणि अद्याप न सुटलेल्या अडचणी यांचा आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : परिवलन, पुंजबिंदू, क्युबिट, विनिमय अन्योन्यक्रिया, कलासंबद्धता, समस्थानिक-शुद्ध सिलिकॉन.

१. प्रस्तावना :
प्रचलित संगणकातील बिट शून्य किंवा एक यांपैकी एकाच अवस्थेत असतो. पुंजयामिकीच्या नियमांनुसार वागणारी द्विस्तरीय प्रणाली मात्र या दोन अवस्थांच्या अध्यारोपणात राहू शकते, आणि अशा अनेक प्रणाली एकमेकींत अशा रीतीने गुंफल्या जाऊ शकतात की त्यांचे स्वतंत्र वर्णनच करता येत नाही. निसर्ग पुंजयामिकीप्रमाणे चालत असेल, तर त्याचे अनुकरण करणारे यंत्रही पुंजयामिकीप्रमाणे चालणारे असावे, असा विचार रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मांडला. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची पुंज-रीत शोधून काढली आणि या विषयास व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले.

प्रश्न उरला तो असे यंत्र कशाचे बांधावे हा. विद्युतक्षेत्रात अडकवलेले आयन, अतिसंवाहक मंडले, प्रकाशकण असे अनेक पर्याय पुढे आले. त्यांपैकी प्रत्येकास एकाच कसोटीला सामोरे जावे लागते. क्युबिट बाह्य जगापासून अलिप्त असला पाहिजे, अन्यथा त्यातील माहिती विरून जाते. त्याच वेळी तो संशोधकाच्या आज्ञेस तत्काळ प्रतिसाद देणारा असला पाहिजे, अन्यथा त्याच्याकडून गणन करून घेता येत नाही. इलेक्ट्रॉनच्या परिवलनाचा गेल्या पंचवीस वर्षांहून अधिक काळातील इतिहास हा या दोन परस्परविरोधी अपेक्षांचा मेळ घालण्याचा इतिहास होय.

२. परिवलन : निसर्गाने दिलेला क्युबिट :
ऑटो स्टर्न व वाल्टर गेरलाख यांनी १९२२ मध्ये चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून पाठविला, तेव्हा तो पसरट न होता दोन स्पष्ट भागांत विभागला गेला. या विभाजनामागे इलेक्ट्रॉनचे परिवलन आहे, हे १९२५ मध्ये उलेनबेक व गाउडस्मिट यांनी ही संकल्पना मांडल्यानंतर उमगले. चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने मोजले असता परिवलनाची दोनच उत्तरे मिळतात : ‘वर’ किंवा ‘खाली’. अन्य अनेक प्रणालींमध्ये असंख्य ऊर्जा-पातळ्यांपैकी दोन निवडून क्युबिट तयार करावा लागतो. येथे तिसरी पातळीच नाही.

परिवलनाचा दुसरा गुण म्हणजे त्याची अलिप्तता. इलेक्ट्रॉनचा प्रभार भोवतालच्या प्रत्येक विद्युत-चढउताराने हेलावतो. परिवलनाचा संबंध प्रामुख्याने चुंबकीय क्षेत्राशी येतो, आणि घन पदार्थात विद्युत-गोंगाटाच्या मानाने चुंबकीय गोंगाट पुष्कळच कमी असतो.

चुंबकीय क्षेत्रात परिवलनाच्या दोन अवस्थांच्या ऊर्जा वेगळ्या होतात. हाच पदवी वर्गात शिकविला जाणारा झीमन परिणाम. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनसाठी १ टेस्ला क्षेत्रात हा फरक सुमारे २८ गिगाहर्ट्झ वारंवारतेइतका असतो. याच परिमाणात १ केल्विन तापमानाची औष्णिक ऊर्जा सुमारे २१ गिगाहर्ट्झ, तर सामान्य तापमानाची औष्णिक ऊर्जा ६,००० गिगाहर्ट्झहून अधिक भरते. म्हणूनच इलेक्ट्रॉन खात्रीने खालच्या पातळीवर आणावयाचा असेल, तर उपकरण निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, बहुधा ०.१ केल्विनहून कमी तापमानास न्यावे लागते.

३. पुंजबिंदू : एका इलेक्ट्रॉनची कोठडी :
एकच इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याची जागा म्हणजे पुंजबिंदू. गॅलियम आर्सेनाइड व अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड यांचे थर एकावर एक वाढविले असता त्यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनांचा अत्यंत पातळ थर तयार होतो. हे इलेक्ट्रॉन त्या प्रतलात मुक्तपणे फिरतात, परंतु प्रतलाबाहेर जाऊ शकत नाहीत. पृष्ठभागावर धातूच्या सूक्ष्म पट्ट्या, म्हणजे गेट, बसवून त्यांना ऋण विभव दिला की त्यांच्याखालील इलेक्ट्रॉन दूर सारले जातात आणि मध्यभागी सुमारे ५० ते १०० नॅनोमीटर रुंदीचे एक छोटे डबके उरते. हाच पुंजबिंदू. सिलिकॉनमध्ये नेहमीच्या ट्रान्झिस्टरसारखीच रचना वापरून, म्हणजे ऑक्साइडच्या थरावरील गेटना धन विभव देऊन, इलेक्ट्रॉन गोळा केले जातात.

इतक्या लहान जागेत एका इलेक्ट्रॉनचे प्रतिकर्षण दुसऱ्यास आत येण्यास मज्जाव करते. त्यामुळे विभव बदलत गेल्यास इलेक्ट्रॉन एकेक करून आत येतात व बाहेर जातात, आणि अखेर एकच इलेक्ट्रॉन शिल्लक ठेवता येतो. शेजारी बसविलेला संवेदक त्यांची संख्या सांगतो. या मार्गिकेचा प्रवाह बिंदूमधील प्रभारात एका इलेक्ट्रॉनचा फरक पडला तरी बदलतो.

४. लॉस-डिव्हिन्चेन्झो प्रस्ताव :
स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाचे डॅनिएल लॉस आणि आयबीएममधील डेव्हिड डिव्हिन्चेन्झो यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रस्तावाचे सार असे : प्रत्येक पुंजबिंदूत एक इलेक्ट्रॉन ठेवावा, त्याचे परिवलन हा क्युबिट समजावा आणि शेजारच्या दोन क्युबिटांमधील क्रिया केवळ विद्युत विभवाने घडवून आणावी. परिवलनास विद्युत क्षेत्राची फारशी दखल नसताना हे कसे शक्य होते, हा या प्रस्तावाचा गाभा आहे.

उत्तर पाउली विवर्जन तत्त्वात आहे. दोन बिंदूंमधील अडथळा कमी केला की बोगदा परिणामामुळे दोन्ही इलेक्ट्रॉनांचे तरंग एकमेकांत शिरतात. दोन परिवलने परस्परविरुद्ध जोडली गेलेल्या सिंगलेट अवस्थेत दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच कक्षेत येऊ शकतात. ट्रिप्लेट अवस्थेत त्यांना ती मुभा नाही. त्यामुळे सिंगलेटची ऊर्जा किंचित खाली जाते. हेलियम अणूच्या वर्णपटात दिसणारा एकक व त्रिक पातळ्यांमधील भेद याच तत्त्वातून उद्भवतो. ऊर्जेतील या फरकासच विनिमय अन्योन्यक्रिया म्हणतात. प्रत्यक्षात ही विद्युत प्रतिकर्षण व विवर्जन तत्त्व यांची संयुक्त परिणती असली, तरी ती जणू दोन परिवलनांमधील चुंबकीय बंधनाप्रमाणे वागते, आणि गेटच्या विभवाने ती इच्छेनुसार चालू वा बंद करता येते.

ही क्रिया विशिष्ट काळ चालू ठेवल्यास दोन परिवलनांची अदलाबदल होते. त्याच्या निम्म्या काळातच ती थांबविली, तर अदलाबदल अर्धवट राहते आणि दोन्ही क्युबिट परस्परांत गुंफले जातात. ही अर्धी अदलाबदल आणि एकेका परिवलनाचे फिरविणे यांच्या संयोगाने कोणतेही पुंजगणन करता येते, हे लॉस व डिव्हिन्चेन्झो यांनी दाखविले. याच वर्षी ब्रूस केन यांनी सिलिकॉनमधील फॉस्फरस अणूंच्या केंद्रीय परिवलनावर आधारलेली योजना प्रसिद्ध केली. तिचा मार्ग वेगळा असला, तरी सिलिकॉनकडे लक्ष वेधण्याचे कार्य तिने केले.

५. प्रस्तावाकडून प्रयोगाकडे :
कोणत्याही पुंजसंगणकाने पूर्ण करावयाच्या पाच अटी डिव्हिन्चेन्झो यांनी २००० मध्ये सूत्रबद्ध केल्या : वाढविता येण्याजोगे सुस्पष्ट क्युबिट, त्यांना ठरावीक आरंभ-अवस्थेत आणण्याची सोय, पुरेशी दीर्घ कलासंबद्धता, सार्वत्रिक तर्कक्रिया आणि प्रत्येक क्युबिटचे वाचन. परिवलनाच्या बाबतीत यांपैकी वाचनाची अट सर्वांत दुर्घट वाटत होती, कारण एका इलेक्ट्रॉनचा चुंबकीय आघूर्ण थेट मोजण्याइतका मोठा नसतो.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी २००४ मध्ये ही अडचण वळसा घालून सोडविली. त्यांनी परिवलन मोजलेच नाही. परिवलनाचे रूपांतर प्रभारात केले. बिंदूशेजारील इलेक्ट्रॉन-साठ्याची ऊर्जा दोन झीमन पातळ्यांच्या मधोमध आणली, की वरच्या पातळीवरील इलेक्ट्रॉन बाहेर निसटू शकतो, खालचा मात्र जागीच राहतो. संवेदकाच्या प्रवाहात क्षणिक उडी दिसली, तर परिवलन वरच्या पातळीचे होते. न दिसली, तर खालच्या.

पुढील वर्षी, २००५ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठातील प्रयोगात दोन बिंदूंमधील विनिमय अन्योन्यक्रियेने अर्धी अदलाबदल सुमारे १८० पिकोसेकंदांत घडवून आणण्यात आली. २००६ मध्ये डेल्फ्ट येथेच एका तारेतील उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने चुंबकीय क्षेत्र निर्माण करून एकाच इलेक्ट्रॉनचे परिवलन इच्छेनुसार फिरविण्यात आले. पदव्युत्तर प्रयोगशाळांत डीपीपीएच या पदार्थावर केला जाणारा इलेक्ट्रॉन परिवलन अनुस्पंदनाचा प्रयोग अनेक प्राध्यापकांच्या परिचयाचा आहे. त्या पदार्थाच्या एका मिलिग्रॅममध्ये दहाच्या अठराव्या घाताहून अधिक मुक्त परिवलने असतात. तोच अनुस्पंदनाचा नियम येथे केवळ एका इलेक्ट्रॉनवर वापरला गेला.

६. अणुकेंद्रांचा गोंगाट :
या यशाबरोबरच एक गंभीर अडचणही उघड झाली. हार्वर्डच्या प्रयोगात परिवलनाची कलासंबद्धता, म्हणजे अध्यारोपणातील दोन घटकांचा परस्परमेळ, अवघ्या १० नॅनोसेकंदांत नाहीशी होत होती. याचे कारण विद्युत-गोंगाट नव्हते. ते खुद्द स्फटिकात होते.

गॅलियम व आर्सेनिक यांच्या सर्व स्थिर समस्थानिकांच्या अणुकेंद्रांना स्वतःचे परिवलन असते. एका पुंजबिंदूतील इलेक्ट्रॉनचा तरंग सुमारे दहा लाख अणुकेंद्रांवर पसरलेला असतो. ही सर्व केंद्रे एकाच दिशेने वळली, तर इलेक्ट्रॉनवर सुमारे ५ टेस्ला इतके क्षेत्र जाणवेल. प्रत्यक्षात ती अस्ताव्यस्त दिशांनी असतात. त्यामुळे संख्याशास्त्राच्या नियमाप्रमाणे उरणारे चढउतार दहा लाखांच्या वर्गमूळाने, म्हणजे एक हजाराने, कमी होऊन सुमारे ५ मिलिटेस्ला भरतात. आकडा लहान दिसतो, परंतु गॅलियम आर्सेनाइडमध्ये तो परिवलनाच्या वारंवारतेत सुमारे ३० मेगाहर्ट्झची अनिश्चितता आणतो, आणि १० नॅनोसेकंदांत कलासंबद्धता हरपण्यास तेवढी पुरेशी ठरते.

केंद्रांची परिवलने सावकाश बदलतात, ही त्यातील दिलाशाची बाब. मैदानावर वेगवेगळ्या गतीने धावणाऱ्या खेळाडूंना मध्येच शिट्टी वाजवून माघारी फिरविले, तर सर्वजण एकाच वेळी आरंभरेषेवर पोहोचतात. त्याचप्रमाणे परिवलन मध्यावर उलटवून चुकलेला मेळ पुन्हा जुळविता येतो. या ‘प्रतिध्वनी’ तंत्राने हार्वर्डमध्ये काळ १.२ मायक्रोसेकंदांपर्यंत वाढला, आणि पुढे २०११ पर्यंत अनेकदा उलटविण्याच्या पद्धतीने तो २०० मायक्रोसेकंदांच्या पुढे गेला. तथापि हा गोंगाटावरचा उतारा होता. गोंगाटाचा स्रोत कायमच होता. गॅलियम आर्सेनाइडमधून केंद्रीय परिवलन वगळणे शक्यच नाही, कारण त्या मूलद्रव्यांना परिवलनरहित असा स्थिर समस्थानिकच नाही.

७. सिलिकॉनकडे संक्रमण :
नैसर्गिक सिलिकॉनमध्ये सुमारे ९२.२ टक्के अणू सिलिकॉन-२८ चे आणि ३.१ टक्के सिलिकॉन-३० चे असतात. या दोहोंच्या केंद्रांना परिवलन नाही. केवळ ४.७ टक्के असलेल्या सिलिकॉन-२९ ला ते आहे. म्हणजेच येथे गोंगाट मुळात कमी आहे, आणि समस्थानिकांचे पृथक्करण करून तो जवळजवळ काढूनही टाकता येतो.

मग प्रारंभीची वर्षे गॅलियम आर्सेनाइडवर का खर्च झाली? कारण व्यावहारिक आहे. त्याचे थर अत्यंत निर्दोष वाढविता येतात आणि इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान कमी असल्याने त्याचा तरंग मोठा पसरतो. परिणामी मोठे, घडविण्यास सोपे बिंदूही काम देतात. सिलिकॉनमध्ये परिणामी वस्तुमान अधिक असल्याने बिंदू लहान व गेट अधिक दाट करावे लागतात. सोयीच्या द्रव्यात तत्त्वाची सिद्धता झाली. परंतु टिकाऊपणासाठी अवघड द्रव्याकडे वळावे लागले.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सिलिकॉन-२९ चे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत खाली आणलेल्या सिलिकॉनमध्ये पुंजबिंदू तयार केला. त्यात कोणत्याही प्रतिध्वनीविना कलासंबद्धता १२० मायक्रोसेकंद टिकली. ही २००५ च्या १० नॅनोसेकंदांच्या बारा हजार पट होय. उलटविण्याचे तंत्र वापरल्यावर हा काळ २८ मिलिसेकंदांवर गेला. २०१५ मध्ये याच गटाने सिलिकॉनमध्ये दोन क्युबिटांची तर्कक्रिया साधली.

८. अचूकतेचा उंबरठा :
क्युबिट कितीही चांगला असला तरी चुका होणारच. त्यावर उपाय म्हणजे अनेक भौतिक क्युबिटांत एका तार्किक क्युबिटची माहिती विखरून ठेवून चुका सतत शोधणे व सुधारणे. परंतु दोषदुरुस्तीची क्रियाही सदोष क्युबिटांकडूनच करून घ्यावयाची असते. म्हणून प्रत्येक क्रियेतील दोषाचे प्रमाण एका उंबरठ्याच्या खाली असेल, तरच दुरुस्तीने चुका घटतात. अन्यथा दुरुस्तीच नव्या चुकांची भर घालते. बहुचर्चित ‘पृष्ठ-संकेत’ पद्धतीसाठी हा उंबरठा सुमारे १ टक्का आहे.

जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एका क्युबिटच्या क्रियेत ९९.९ टक्क्यांहून अधिक अचूकता नोंदविली. दोन क्युबिटांची क्रिया मात्र अधिक काळ हुलकावणी देत राहिली. २०२२ मध्ये डेल्फ्ट व रिकेन येथील गटांनी प्रत्येकी सुमारे ९९.५ टक्के अचूकता गाठली आणि परिवलन-क्युबिट या उंबरठ्याच्या योग्य बाजूस आला. त्याच वर्षी डेल्फ्ट येथे सहा क्युबिटांचे एकत्रित नियंत्रण करण्यात आले. २०२३ मध्ये इंटेल कंपनीने ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉन चकत्यांवर, म्हणजे नेहमीच्या उत्पादनव्यवस्थेत, बारा क्युबिटांची चिप तयार केल्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील डिराक व बेल्जियममधील आयमेक यांनी अशा औद्योगिक पद्धतीने घडविलेल्या क्युबिटांतही ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता मिळते, हे दाखविले.

९. मर्यादा :
या प्रगतीचे मूल्यमापन करताना संख्येचा विसर पडता कामा नये. अतिसंवाहक मंडलांच्या मार्गाने २०२३ मध्येच एका चिपवर हजाराहून अधिक क्युबिटांचा टप्पा ओलांडला. परिवलनाचा मार्ग त्यामानाने फार मागे आहे. परिवलन-क्युबिटचा आकार अतिसंवाहक क्युबिटच्या तुलनेत अत्यल्प असल्याने एका चिपवर लक्षावधी क्युबिट मावतील, असा युक्तिवाद केला जातो. क्षेत्रफळाचा हिशेब म्हणून तो बरोबर आहे. परंतु प्रत्येक बिंदूस अनेक गेट, आणि प्रत्येक गेटला शीतकपाटाबाहेर जाणारी तार लागत असेल, तर बिंदूंचा लहानपणा हीच अडचण होऊन बसते. नेहमीच्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असूनही बाहेर जाणाऱ्या तारा मोजक्याच असतात. तशी व्यवस्था येथे अद्याप व्हावयाची आहे.

त्या दृष्टीने नियंत्रक मंडले क्युबिटांच्या शेजारीच, थंडीत, ठेवण्याचा विचार होतो. ही मंडले उष्णता निर्माण करतात आणि ०.१ केल्विनखालील शीतकाची क्षमता अत्यल्प असते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया व नेदरलँड्समधील दोन गटांनी सिलिकॉन क्युबिट १ केल्विनहून किंचित अधिक तापमानातही चालतात, हे सिद्ध केले. या तापमानात झीमन पातळ्यांवर आधारलेले वाचन निरुपयोगी ठरते. त्याऐवजी सिंगलेट व ट्रिप्लेट यांच्यातील भेद वापरला जातो, कारण तेथील ऊर्जेचे अंतर बरेच मोठे असते.

आणखी दोन अडचणी द्रव्याशी निगडित आहेत. सिलिकॉनच्या संवहन पट्टात समान ऊर्जेच्या अनेक ‘दऱ्या’ असतात. पुंजबिंदूत त्यांपैकी दोन जवळजवळ समान ऊर्जेच्या उरतात आणि त्यांतील अंतर सीमेवरील अणूंच्या मांडणीनुसार बिंदूगणिक बदलते. हे अंतर फार कमी झाले, तर परिवलनाची शुद्ध द्विस्तरीयता धोक्यात येते. दुसरी अडचण प्रारंभी सांगितलेल्या अंतर्विरोधाकडे नेते. परिवलन वेगाने फिरविता यावे म्हणून अनेक उपकरणांत बिंदूंजवळ कोबाल्टचे सूक्ष्म चुंबक बसवितात. त्यांच्या विषम क्षेत्रात इलेक्ट्रॉन विद्युत विभवाने किंचित हलविला, की त्यास बदलते चुंबकीय क्षेत्र जाणवते आणि परिवलन फिरते. परंतु ज्या वाटेने संशोधकाची आज्ञा पोहोचते, त्याच वाटेने भोवतालचा विद्युत-गोंगाटही पोहोचतो. अणुकेंद्रांना शांत केल्यानंतर आता प्रभारांचा गोंगाट हाच प्रमुख शत्रू ठरला आहे.

१०. भारतीय संदर्भ :
केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानास मान्यता दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या कालावधीसाठी त्याची तरतूद ६,००३.६५ कोटी रुपयांची आहे. अभियानाच्या चार केंद्रांपैकी पुंज-संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे. मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिसंवाहक क्युबिटांवर कार्य चालते. परिवलन-क्युबिटसाठी समस्थानिक-शुद्ध द्रव्य, नॅनोमीटर पातळीवरील घडण आणि अतिशीत तापमान या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्यातील हे काम नव्हे.

तथापि त्यामागील भौतिकी महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरची नाही. स्टर्न-गेरलाख प्रयोग, झीमन परिणाम, पाउलीचे तत्त्व, हेलियमचा वर्णपट, बोगदा परिणाम आणि परिवलन अनुस्पंदन हे सर्व घटक अभ्यासक्रमात आधीपासूनच आहेत. ते बहुधा सुट्या प्रकरणांतून, परस्परसंबंध न दाखविता शिकविले जातात. एका पुंजबिंदूच्या उदाहरणाने ही सर्व प्रकरणे एका सूत्रात ओवता येतात.

११. समारोप :
पुंजबिंदूतील इलेक्ट्रॉनच्या परिवलनाने डिव्हिन्चेन्झो यांच्या पाच अटींपैकी आरंभ-अवस्था, कलासंबद्धता, तर्कक्रिया व वाचन या चार अटी लहान प्रमाणावर पूर्ण केल्या आहेत. विस्ताराची अट मात्र अपूर्ण आहे, आणि ती पूर्ण होईपर्यंत या क्युबिटांवर चालणाऱ्या उपयुक्त संगणकाची भाषा करणे अकाली ठरेल. तथापि १० नॅनोसेकंदांत विरून जाणारी माहिती मिलिसेकंदांपर्यंत टिकू लागली, ती एखाद्या नव्या सिद्धांतामुळे नव्हे, तर गोंगाट नेमका कोठून येतो हे ओळखून द्रव्यच बदलण्याच्या चिकाटीमुळे. क्युबिट जगापासून दूर ठेवावा आणि तरीही हाताशी असावा, हा पेच संपूर्णपणे सुटणारा नाही. त्यातील समतोल कोठे साधावा, याची जाण मात्र प्रत्येक टप्प्यावर अधिक नेमकी होत गेली आहे, आणि या क्षेत्राची खरी कमाई तीच होय.